ॲलर्जी असलेल्या घरात मांजर आणायचे असल्यास जातीची निवड कशी करावी

मांजरांच्या जाहिरातींमध्ये ‘हायपोॲलर्जेनिक’ हा शब्द अलीकडे इतक्या सढळ हाताने वापरला जातो की, मांजराजवळ गेल्यावर ज्यांना शिंका येतात त्यांना वाटते, योग्य जातीचे मांजर विकत घेतले की प्रश्न मिटला. या शब्दाचा अर्थ ‘ॲलर्जी न करणारे’ असा नसून ‘तुलनेने कमी करणारे’ एवढाच आहे. तो सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिरातींतून रूढ झाला आणि मांजराच्या एखाद्या जातीला तो केव्हा लावावा, याची सर्वमान्य वैद्यकीय कसोटी नाही. ॲलर्जीचा त्रास मुळीच न देणारी मांजराची जात आजवर सिद्ध झालेली नाही. म्हणून जातीचा विचार करूच नये, असे मात्र नव्हे. जातीवरून यादी लहान करता येते. निवड शेवटी एका विशिष्ट मांजराची करावी लागते, आणि ती करण्याची रीत पुढे सविस्तर दिली आहे.

त्रास केसांमुळे होत नाही, ही गोष्ट सर्वांत आधी समजून घ्यावी. एखादे मांजर दुपारी खिडकीतल्या उन्हात अंग चाटत बसलेले असेल तर जरा जवळून पाहावे. जीभ खरखरीत असते, तिच्यावर आतल्या बाजूला वळलेले बारीक काटे असतात, आणि त्या जिभेने ते पाठीवरचे, पोटावरचे, पंजाच्या बेचक्यांतले केस विंचरल्यासारखे ओले करत जाते. पाच-दहा मिनिटांत ती लाळ वाळते आणि मग मांजर उठून अंग झटकते तेव्हा उन्हाच्या तिरिपेत तरंगणारे अतिसूक्ष्म कण दिसतात. या वाळलेल्या लाळेत आणि त्वचेच्या कोंड्यात ‘फेल डी 1’ नावाचे प्रथिन असते. मांजराच्या ‘फेलिस डोमेस्टिकस’ या शास्त्रीय नावावरून त्याला हे नाव मिळाले आहे. मांजराची ॲलर्जी असणाऱ्यांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांचे शरीर याच प्रथिनाला प्रतिसाद देते. ते लाळग्रंथींत आणि त्वचेतील तैलग्रंथींत तयार होते, त्याचे काही कण इतके हलके असतात की ते तासन्‌तास हवेत राहतात, आणि ते इतके चिकट असते की कपड्यांवरून मांजर नसलेल्या घरांत आणि शाळांच्या वर्गांतही पोहोचते. केस हे त्या प्रथिनाचे वाहन आहे, कारखाना नव्हे. केस कमी म्हणजे ॲलर्जी कमी, हा बाजारातला सर्वांत खपणारा गैरसमज या एका वस्तुस्थितीपुढे टिकत नाही.

आधी आपली तपासणी

मांजर पाहायला जाण्यापूर्वी ॲलर्जीतज्ज्ञाकडून स्किन प्रिक चाचणी (त्वचेवर ॲलर्जीकारक पदार्थाचा थेंब ठेवून हलके टोचणे) किंवा रक्तातील विशिष्ट आयजीईची, म्हणजे ॲलर्जीशी निगडित प्रतिपिंडांची, चाचणी करून घ्यावी. स्किन प्रिक चाचणीपूर्वी ॲलर्जीच्या गोळ्या साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, कारण त्या चालू असतील तर त्वचा प्रतिसादच देत नाही आणि ॲलर्जी असूनही ती चाचणीत दिसत नाही. मात्र त्या कोणत्या आणि किती दिवस बंद करायच्या, हे डॉक्टरांनाच विचारावे. मुंबई, कोकण आणि गोवा या दमट पट्ट्यात ही चाचणी अधिकच आवश्यक ठरते, कारण गाद्या-उशांमधील धुळीतले सूक्ष्म किडे आणि पावसाळ्यात भिंतींवर धरणारी बुरशी यांची ॲलर्जीही शिंका, चुरचुरणारे डोळे आणि चोंदलेले नाक याच रूपाने प्रकट होते. मांजर ज्या सोफ्यावर झोपते त्याच सोफ्यात धुळीचे किडेही असतात, आणि दोष मात्र मांजराच्या पदरी पडतो. उलट प्रकारही घडतो: चाचणीत मांजराची ॲलर्जी ठळकपणे दिसते आणि माणूस मात्र सगळे खापर धुळीवर फोडत राहतो.

चाचणीचा निकाल हाती आला की प्रतिसादाच्या तीव्रतेचा प्रामाणिक विचार करावा. नाक वाहणे, डोळे लाल होणे, मांजराने चाटलेल्या जागी गांधी उठणे एवढ्यावर प्रकरण थांबत असेल तर पुढे दिलेल्या उपायांचा उपयोग होण्याची शक्यता आहे. मांजराच्या सान्निध्यात छाती आवळत असेल, श्वासात शिट्टीसारखा आवाज येत असेल किंवा दमा आधीच नीट आटोक्यात नसेल, तर कोणत्याही जातीचे मांजर घरात आणू नये. या बाबतीत सवलत घेण्यासारखी जागा नाही. घरातल्या प्रत्येक सदस्याचा विचारही याच वेळी करावा, विशेषतः दमेकरी आजी-आजोबांचा. मांजर आणण्याचा हट्ट बहुधा मुलांचा असतो आणि दिवसभर त्याच्यासोबत घरात राहावे लागते ते आजी-आजोबांना.

जातींविषयी काय म्हणता येते

ॲलर्जीच्या संदर्भात सर्वाधिक नाव सायबेरियन या जातीचे घेतले जाते, आणि वरवर पाहता ते चमत्कारिक आहे, कारण रशियातील कडाक्याच्या थंडीत घडलेल्या या मांजराच्या अंगावर दाट, तिपदरी, लांब केसांचे आवरण असते. तिचे समर्थक सांगतात की या जातीतील काही मांजरांच्या लाळेत फेल डी 1 चे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी असते, आणि हे विधान सर्वस्वी निराधार नाही. काही सायबेरियन मांजरांमध्ये हे प्रथिन घडवणाऱ्या जनुकांत बदल आढळले आहेत. मात्र तपासलेल्या मांजरांची संख्या फार थोडी होती. ‘काही’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. एकाच वेतातील दोन भावंडांमध्ये एकाचे प्रमाण कमी आणि दुसऱ्याचे भरपूर असू शकते. त्यामुळे ‘सायबेरियन आहे, म्हणजे चालेल’ असे म्हणता येत नाही. ‘सायबेरियनमध्ये शोधल्यास कमी प्रमाणाचे मांजर सापडण्याची आशा थोडी अधिक आहे’ असे फार तर म्हणता येते. अमेरिकेत ही जात 1990 मध्ये पोहोचली, आणि तेथे तसेच युरोपात काही प्रजनक आपल्या मांजरांच्या लाळेचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घेतात. तिकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी असा अहवाल अवश्य मागावा, आणि तो जातीचा किंवा आईबापांचा नसून नेमका त्याच पिल्लाचा आहे ना, हे पाहावे. भारतात खात्रीची सायबेरियन मांजरे विरळा आहेत. येथे त्या नावाने दाखवले जाणारे लांब केसांचे पिल्लू पर्शियनच्या संकरातून आलेले असण्याची शक्यता गृहीत धरूनच चौकशी करावी. शिवाय नागपूरच्या मे महिन्यात तिपदरी आवरणाच्या मांजराचे काय होईल, याचाही विचार व्हावा.

बालिनीज ही जात म्हणजे लांब केसांची सयामीच होय. बाली बेटाशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. तिच्याविषयीही कमी प्रथिनाचा दावा केला जातो, परंतु त्याला आधार सायबेरियनपेक्षाही दुबळा आहे. रशियन ब्लूचे तसेच. या दोन्ही जाती स्वभावाने घरगुती आणि माणसाळू असल्यामुळे त्या आवडत असतील तर जरूर पाहाव्यात, पण केवळ ॲलर्जीच्या कारणाने त्यांच्यासाठी दामदुप्पट पैसे मोजू नयेत.

रेक्स जातींची गोष्ट निराळी आहे. इंग्लंडमधील कॉर्नवॉल येथे 1950 मध्ये आणि डेव्हन येथे 1960 मध्ये कुरळ्या, आखूड केसांची पिल्ले जन्मली आणि त्यांच्यापासून कॉर्निश रेक्स व डेव्हन रेक्स या दोन जाती तयार झाल्या. कॉर्निश रेक्सच्या अंगावर वरचे राठ केस जवळजवळ नसतातच, उरते ती खालची मऊ लव. या मांजरांचे केस कमी गळतात, म्हणून गाद्या-गिरद्यांवर पसरणारे प्रथिनही काहीसे कमी राहते, असा तर्क केला जातो आणि तो अगदीच टाकाऊ नाही. लाळेतील प्रथिन मात्र तेवढेच असते. ज्यांना मांजराच्या घरात वावरताना थोडा त्रास होतो पण मांजर मांडीवर बसले की फार होतो, त्यांना रेक्समुळे फारसा फरक जाणवणार नाही, कारण ही मांजरे ऊब शोधत अक्षरशः मानेला बिलगून झोपतात.

स्फिंक्स हे बिनकेसांचे मांजर. कॅनडातील टोरोंटो येथे 1966 मध्ये असे एक पिल्लू जन्मले, तेव्हापासून या जातीचा इतिहास सांगितला जातो. ॲलर्जीवरचा रामबाण उपाय म्हणून ते खपवले जाते, परंतु केस नसल्यामुळे त्वचेतील तेल टिपून घ्यायला काहीच उरत नाही आणि ते तेल, त्यातल्या प्रथिनासह, कातडीवर साचते. हात फिरवला की बोटांना मेणचटपणा जाणवतो. पांढऱ्या चादरीवर ते रोज झोपत असेल तर तेथे पिवळसर तपकिरी डाग पडतात. त्याला साधारण आठवड्यातून एकदा आंघोळ घालावी लागते, कान सतत साफ करावे लागतात, आपल्याकडच्या उन्हापासून जपावे लागते आणि हृदयाच्या स्नायूच्या आजाराची वेळोवेळी तपासणी करावी लागते. ज्यांना ही शिस्त मनापासून पाळायची आहे त्यांना नियमित आंघोळीमुळे लाभ होऊ शकतो, पण तो लाभ आंघोळीचा आहे, केस नसण्याचा नव्हे.

महाराष्ट्रात पैसे देऊन घेतल्या जाणाऱ्या मांजरांत पर्शियन सर्वाधिक दिसते, आणि विक्रेत्यांच्या भाषेत ते ‘डॉल फेस’, ‘पंच फेस’, ‘ट्रिपल कोट’ अशा नावांनी ओळखले जाते. या नावांचा ॲलर्जीशी काडीचाही संबंध नाही. लांब केसांत प्रथिन अडकून राहते म्हणून हवेत कमी जाते, असे काही जण सांगतात. त्याच लांब केसांना रोज विंचरावे लागते आणि तेव्हा ते सगळे विंचरणाऱ्याच्या नाकासमोर उडते, हे सांगायचे राहून जाते. माझ्या नात्यातल्या एका घरी असेच एक ‘ॲलर्जी-फ्री’ पर्शियन आणले गेले होते. नवव्या दिवशी घरातल्या मुलीचे डोळे सुजून बंद झाले, आणि विक्रेत्याने ‘पिल्लाला जागेची सवय झाली की त्रास थांबेल’ असे उत्तर दिले. सवय मांजराला व्हायची की माणसाच्या प्रतिकारशक्तीला, हे त्याने सांगितले नाही.

यापेक्षा मोठ्या दाव्यांचाही अनुभव जगाला आहे. कॅलिफोर्नियातील एका कंपनीने 2006 मध्ये निवडक प्रजननातून ॲलर्जी न करणारे मांजर तयार केल्याचे जाहीर करून सुमारे 4,000 डॉलरला एक या दराने मागण्या नोंदवून घेतल्या होत्या. त्या दाव्याची स्वतंत्र वैज्ञानिक पडताळणी कधीही पुढे आली नाही.

राहिले आपले देशी मांजर. त्याला जात नाही, म्हणून ॲलर्जीच्या कोणत्याही यादीत त्याचे नाव नसते. परंतु मांजरा-मांजरांतील प्रथिनाच्या प्रमाणातला फरक कित्येक पटींचा असतो आणि तो प्रत्येक जातीच्या आत, तसाच देशी मांजरांतही असतो. गल्लीतील दहा देशी मांजरांपैकी एखादे तुम्हांला महागड्या सायबेरियनपेक्षा अधिक मानवण्याची शक्यता खरोखरच असते. देशी मांजर आपल्या हवामानात तगते, त्याचे आखूड केस आवरायला सोपे असतात, आणि दत्तक देणाऱ्या संस्था किंवा स्वयंसेवक बहुधा प्रौढ मांजरे देतात, हा तर ॲलर्जी असणाऱ्यांसाठी फार मोठा फायदा आहे. त्याचे कारण पुढे येईल.

बोका की भाटी, पिल्लू की मोठे

जातीपेक्षा अधिक भरवशाचे दोन निकष आहेत. पहिला लिंग आणि नसबंदीचा. नसबंदी न झालेल्या बोक्याच्या शरीरात फेल डी 1 सर्वाधिक तयार होते, कारण या प्रथिनाच्या निर्मितीवर नर संप्रेरकाचा प्रभाव असतो. भाटीत आणि नसबंदी झालेल्या बोक्यात ते कमी असते. म्हणून भाटी किंवा नसबंदी केलेला बोका यांतूनच निवड करावी. दुसरा निकष वयाचा. मूठभर पिल्लाच्या अंगावर प्रथिनाचे एकूण प्रमाणही मूठभरच असते, त्यामुळे दोन महिन्यांचे पिल्लू हातात घेऊन तासभर बसल्यावर काही झाले नाही, यावरून ते वर्षाचे झाल्यावर काय होईल हे कळत नाही. वाढ पूर्ण झालेले मांजर जसे आहे तसेच समोर असते. पिल्लाचा मोह आवरणे कठीण असते, हे मान्य आहे. पण ॲलर्जी असणाऱ्याने वर्षापलीकडचे मांजर निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. रंगावरून मात्र निवड करू नये. काळ्या मांजरामुळे त्रास अधिक होतो, हा समज ठामपणे सिद्ध झालेला नाही.

प्रत्यक्ष परीक्षा

एक मांजर मनात भरले की त्याच्या घरी किमान तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी जावे आणि दर वेळी तास-दीड तास थांबावे. जाण्यापूर्वी ॲलर्जीची गोळी घेतलेली नसावी, अन्यथा परीक्षा गोळीची होते. तेथे एकाहून अधिक मांजरे असतील तर हवेतले प्रथिन सगळ्यांचे मिसळलेले असते आणि कोणामुळे शिंक आली ते ठरवता येत नाही. अशा वेळी नेमके ते एक मांजर वेगळ्या, नुकत्याच पुसलेल्या खोलीत भेटवण्याची विनंती करावी. पहिल्या भेटीत नुसते बसावे. दुसऱ्या भेटीत मांजर मांडीवर घ्यावे, ते चाटत असेल तर मनगटाच्या आतल्या बाजूला चाटू द्यावे आणि पंधरा मिनिटांत तेथे लाली किंवा गांध उठते का ते पाहावे. तोवर तो हात डोळ्यांना लावू नये. घरी आल्यावरही नोंद चालू ठेवावी, कारण काहींना त्रास लगेच न होता रात्री किंवा दुसऱ्या सकाळी होतो.

भेटींत ठीक वाटले तर कापडाची परीक्षा घ्यावी. जुना धुतलेला पंचा मांजराच्या मालकाकडे द्यावा, मांजराला त्यावर आठवडाभर झोपू द्यावे आणि मग तो बंद पिशवीत घरी आणून रोज संध्याकाळी अर्धा तास आपल्या खुर्चीच्या पाठीवर टाकावा. तीन-चार दिवस काही झाले नाही तर तो उशीशेजारी ठेवून दोन रात्री काढाव्यात. ही परीक्षा फक्त सौम्य ॲलर्जी असणाऱ्यांसाठी आहे. दम्याचा इतिहास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती करूच नये.

यानंतरही थेट मालकी न घेता महिना-दोन महिने सांभाळ करण्याच्या अटीवर मांजर आणणे उत्तम. दत्तक देणारे याला बहुधा तयार होतात. विक्रेता तयार नसेल, तर मांजर परत घेण्याची अट लेखी घ्यावी. तोंडी आश्वासनाचे मोल पैसे हातात पडेपर्यंतच असते. शुद्ध जातीचा दावा असेल तर सीएफए किंवा टिका यांसारख्या मांजरांच्या नोंदणी संघटनेची वंशावळ, लसीकरणाचे कार्ड आणि शक्य तेथे आईबाप प्रत्यक्ष पाहावेत.

मांजर आल्यावर

मांजर निवडले म्हणजे निम्मे काम झाले. प्रथिनाचे प्रमाण आटोक्यात ठेवणे हे उरलेले निम्मे काम असून ते रोजचे आहे. निजण्याची खोली मांजराला पहिल्या दिवसापासून बंद असावी, कारण दिवसाचे सात-आठ तास आपण तेथेच श्वास घेतो आणि एकदा दिलेली मुभा मांजराकडून परत घेणे हे कोणालाच साधलेले नाही. केरसुणीने झाडू नये. बसलेले कण त्याने पुन्हा हवेत उठतात. ओल्या फडक्याने पुसावे किंवा हेपा फिल्टर (अतिसूक्ष्म कण अडवणारी गाळणी) असलेला व्हॅक्यूम क्लीनर वापरावा. हेपा फिल्टरचा हवा शुद्ध करणारा पंखा मांजराचा वावर असलेल्या खोलीत ठेवल्यास मदत होते, तो 0.3 मायक्रॉनचे 99.97 टक्के कण अडवतो, मात्र गालिच्यात रुतलेले त्याच्या कक्षेत येत नाहीत. म्हणून गालिचे, जाड पडदे आणि कापडी सोफा जितके कमी तितके बरे. लिटरची (मांजराच्या शी-शूची) ट्रे साफ करणे आणि केस विंचरणे ही कामे ॲलर्जी नसलेल्या माणसाकडे सोपवावीत. आंघोळीने प्रथिन धुऊन निघते, पण दोन-तीन दिवसांत ते पूर्ववत होते, त्यामुळे केसाळ मांजराला त्यासाठी वारंवार पाण्यात घालणे त्याच्यावर अन्याय आहे.

मांजराच्या लाळेतील फेल डी 1 निष्प्रभ करणारे, कोंबडीच्या अंड्यातील प्रतिपिंडे मिसळलेले खाद्य अमेरिकेत 2020 पासून मिळू लागले. उत्पादकांच्या संशोधनात तिसऱ्या आठवड्यापासून केसांवरील सक्रिय प्रथिन सरासरी 47 टक्क्यांनी घटलेले आढळले. निम्म्याच्या आसपास घट ही सौम्य त्रास असणाऱ्यासाठी मोठी आणि तीव्र त्रास असणाऱ्यासाठी अपुरी आहे. दीर्घकाळचा उपाय म्हणून डॉक्टर इम्युनोथेरपी (ॲलर्जीकारक पदार्थाच्या वाढत्या मात्रा देऊन शरीराला त्याची सवय लावणे) सुचवू शकतात. ती साधारण 3 ते 5 वर्षे चालते, तेव्हा मांजर आणण्याच्या आदल्या महिन्यात ती सुरू करून फारसे साधत नाही.

सगळे करूनही त्रास वाढत गेला तर मांजर परत देण्याचा निर्णय लांबवू नये आणि त्याला रस्त्यावर तर मुळीच सोडू नये; ज्यांच्याकडून आणले त्यांच्याकडे किंवा ठरवून ठेवलेल्या दुसऱ्या घरी ते द्यावे. मांजर गेल्यावरही घरातील प्रथिन उतरायला चार ते सहा महिने लागतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात शिंका थांबल्या नाहीत म्हणून ‘मांजराचा दोष नव्हताच’ असा निष्कर्ष काढून ते घाईने परत आणू नये. आधी पडदे, उशांचे अभ्रे आणि गाद्यांची आवरणे धुवावीत, भिंती पुसून घ्याव्यात आणि तेवढे महिने जाऊ द्यावेत.